क्रेडिट कार्डाचं बिल फिटत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन कार्डांची थकबाकी फेडायला मला स्वतःला एकवीस महिने लागले. त्यानंतर ओळखीपाळखीची माणसं आपापली स्टेटमेंटं घेऊन माझ्याकडे यायला लागली. कुणी नोकरदार, कुणी दुकान चालवणारं, कुणी नुकतंच पुण्यात किंवा ठाण्यात भाड्याची खोली घेऊन राहणारं. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. व्याजाचे आणि शुल्काचे आकडे बँकेगणिक थोडे बदलतात. तुमचे नेमके आकडे तुमच्या स्टेटमेंटच्या मागच्या पानांवर असतात, ती पानं एकदा वाचाच.

दर महिन्याला न चुकता पैसे भरते, तरी रक्कम हलत का नाही?

कारण तुम्ही बहुधा ‘किमान देय रक्कम’ भरताय. बिलावर दोन आकडे असतात, एकूण देय आणि किमान देय. किमान आकडा साधारण एकूण रकमेच्या ५ टक्के असतो आणि तो इतका सोपा दिसतो की डोळा आधी तिथेच जातो.

हिशोब मांडून बघू. कार्डावर ६०,००० रुपये थकलेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. आपल्याकडे बऱ्याच कार्डांचा दर याच्याच आसपास, म्हणजे वर्षाला ४२ टक्के किंवा थोडा जास्तच असतो. महिन्याचं व्याज झालं २,१०० रुपये. या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो ३७८ रुपये. झाले २,४७८. तुम्ही ५ टक्क्यांप्रमाणे ३,००० भरलेत, तर मुद्दलातून कमी झाले अवघे ५२२ रुपये. पुढच्या महिन्यात किमान रक्कमही थोडी कमी होते, त्यामुळे फेडही मंदावते. याच गतीने, कार्डावर एक रुपयाचीही नवी खरेदी न करता, ६०,००० चे ३०,००० व्हायला साडेसहा वर्षं लागतात.

फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि व्याजावर व्याज चढेल, ही सूचना बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय. ती प्रत्येक बिलावर असते. मी माझ्या बिलांवर ती पहिल्यांदा वाचली तेव्हा कार्ड घेऊन चार वर्षं झाली होती.

मग महिन्याला किती भरावं?

झेपेल तेवढी, पण ठरलेली रक्कम. बिलात किमान आकडा किती आलाय याच्याशी तिचा संबंध ठेवू नका. वरच्याच ६०,००० चं उदाहरण घेतलं आणि नवी खरेदी पूर्ण थांबवली, तर ढोबळमानाने असं होतं: दर महिना ३,००० भरत राहिलात तर ४३-४४ महिने लागतात आणि एकूण जवळजवळ १ लाख ३० हजार जातात. ४,५०० भरलेत तर वीस महिन्यांत सुटका होते आणि ८९ हजार जातात. ६,००० भरलेत तर चौदावा हप्ता शेवटचा आणि एकूण ७९ हजार. १०,००० काढता आले तर सात महिन्यांत मोकळे, ७० हजारांच्या थोडं वर.

३,००० आणि ४,५०० यांच्यात फरक महिन्याला दीड हजाराचा आहे. शेवटी वाचतात चाळीस हजार. एवढी बचत आपल्यासारख्यांना दुसऱ्या कुठल्या गुंतवणुकीतून साधणार? म्हणून कुणी विचारलं की ‘म्युच्युअल फंडातली महिन्याची एसआयपी चालू ठेवू की कार्ड फेडू’, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी कार्ड. १२ टक्के मिळण्याच्या आशेवर ४२ टक्क्यांचं कर्ज पोसू नका. एक-दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढे पैसे मात्र हाताशी राहू द्या, नाहीतर पहिल्याच दवाखान्याच्या बिलाला कार्ड पुन्हा बाहेर येतं.

बिलातले थोडेच पैसे भरायचे राहिले होते. तरी पुढच्या महिन्यात एवढं व्याज कसं?

पन्नासेक दिवसांपर्यंतची बिनव्याजी मुदत पूर्ण बिल भरणाऱ्यालाच मिळते. थोडंही मागे ठेवलंत की ती सवलत गेली. राहिलेल्या रकमेवर व्याज देय तारखेपासून नव्हे, खरेदीच्या दिवसापासून लागतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यानंतर तुम्ही कार्डावर जे काही घ्याल, अगदी पाव किलो चहापत्तीसुद्धा, त्यावर घेतल्या दिवसापासून व्याज चालू होतं. थकबाकी असताना ‘रोजच्या खर्चाला कार्ड वापरतो, पगार झाला की भरतो’ हे गणित म्हणूनच जुळत नाही. एटीएममधून कार्डावर काढलेल्या रोकडीला तर बिनव्याजी मुदत कधीच नसते, वर वेगळं शुल्क लागतं.

देय तारीख एक-दोन दिवसांनी चुकली. संपलं का सगळं?

नाही. तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्याशिवाय बँकेला विलंब शुल्क लावता येत नाही आणि कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या क्रेडिट कंपन्यांकडे थकबाकी म्हणून नोंदही करता येत नाही, असा नियम आहे. व्याज मात्र लागू शकतं. आजच भरा. पगाराची तारीख आणि बिलाची तारीख जुळत नसेल, तर बँकेला सांगून बिलाचं चक्र बदलून घेता येतं. निदान एकदा तशी मुभा द्यायलाच हवी, असंही नियमात आहे.

तीन कार्डं आहेत. आधी कुठलं फेडू?

तिन्हींवर किमान रक्कम वेळेवर जाऊ द्या, म्हणजे दंड आणि नोंद टळेल. वरचे सगळे पैसे ज्याचा व्याजदर सर्वांत जास्त त्याच्यावर टाका. हिशोबाने हेच बरोबर. पण एखाद्या कार्डावर आठ-दहा हजारच असतील, तर ते आधी संपवायला माझी हरकत नाही. एक कार्ड शून्यावर आलं की माणसाला हुरूप येतो, आणि दीड-दोन वर्षांच्या या कामात हुरूप लागतोच. दरांमध्ये पाव-अर्ध्या टक्क्याचाच फरक असेल तर फार चिकित्सा करत बसू नका.

कार्ड तोडून टाकू का?

कात्रीने कापल्याने खातं बंद होत नाही आणि वार्षिक शुल्क येत राहतं. त्यापेक्षा आधी फोनमधून काढा. किराणा, जेवण, कपडे, प्रवास, ज्या ज्या अॅपमध्ये कार्ड साठवून ठेवलंय तिथून पुसून टाका. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर तेही काढा, कारण तिथे पानटपरीवरचा स्कॅनसुद्धा उधारीवर जातो आणि तो उधारीवर गेला हे हाताला कळत नाही. मग प्लॅस्टिकचं कार्ड घरात कुणाकडे तरी द्या.

थकबाकी फिटल्यावर नको असलेलं कार्ड रीतसर बंद करा. अर्ज दिल्यापासून कामाच्या सात दिवसांत बँकेने ते बंद केलं पाहिजे. केलं नाही तर, खात्यावर काही बाकी नसताना, उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत ही तरतूद २०२२ मध्ये आली. अर्ज ईमेलने करा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो.

बँकेचा फोन येतो, ‘थकबाकीचे हप्ते करून देतो’. घ्यावं का?

अनेकदा घ्यावं. साडेतीन टक्क्यांवरून दीड टक्क्याच्या आसपास येणार असाल तर फरक मोठा आहे. पण फोनवर हो म्हणायच्या आधी चार गोष्टी लेखी मागा: वर्षाचा व्याजदर किती, प्रक्रिया शुल्क किती, व्याजावरचा जीएसटी धरून एकूण किती जाणार, आणि मधेच फेडायचं म्हटलं तर दंड किती. ‘फक्त १,२९९ रुपये महिना’ हे उत्तर नाही. किती महिने, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

आणि हप्ते केल्यावर कार्डावर जी जागा मोकळी होते ती पुन्हा भरू नका. मी पाहिलेल्या बहुतेक बिकट प्रकरणांत हेच झालं होतं: जुन्या थकबाकीचे हप्ते एकीकडे, त्याच कार्डावर नवी थकबाकी दुसरीकडे.

‘नो कॉस्ट ईएमआय’ तर फुकट असतो ना?

व्याज कुणीतरी भरतंच. कधी दुकानदार सवलत म्हणून ते उचलतो, कधी रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही. व्याजाच्या भागावर जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्या बिलात येतं. फ्रिज खरंच बंद पडला असेल तर घ्या. फोन चालू असताना नवा फोन असा घेऊ नका.

सोनं गहाण ठेवून किंवा दुसरं कर्ज काढून कार्ड फेडू का?

हा प्रश्न विचारताना आवाज खाली जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्याजाच्या हिशोबाने कार्डापेक्षा महाग असं कायदेशीर कर्ज शोधावंच लागतं. बँकेचं सोनेतारण, मुदत ठेवीवरचं कर्ज, जिथे तुम्ही सभासद आहात त्या पतसंस्थेचं किंवा नोकरदारांच्या सोसायटीचं कर्ज, ही सगळी सहसा कार्डाच्या निम्म्याहून कमी दराने मिळतात. मुदत ठेव ७ टक्क्यांनी पडून आहे आणि कार्ड ४२ टक्क्यांनी चाललंय, अशी घरं मी पाहिली आहेत. तिथे ठेव मोडणं किंवा तिच्यावर कर्ज घेणं यात विचार करण्यासारखं काही नाही.

सोन्याचं वेगळं आहे. कार्डाचं कर्ज विनातारण असतं. ते थकलं तर त्रास होतो, पण घरातली वस्तू जात नाही. सोनेतारण थकलं तर दागिन्यांचा लिलाव होतो. म्हणून माझी अट अशी: कार्ड वापरणं पूर्ण थांबलेलं असलं पाहिजे, महिन्याचा हप्ता पगारातून खरंच निघतोय हे तीन महिने करून पाहिलेलं असलं पाहिजे, आणि दागिने जिचे आहेत तिने सगळे आकडे बघून होकार दिलेला असला पाहिजे. आईच्या पाटल्या तिला न सांगता गहाण ठेवायला निघालेल्या एका मुलाला मी थांबवलं होतं, आणि आजही थांबवेन.

गल्लीतल्या विनापरवाना सावकाराकडे आणि झटपट कर्ज देणाऱ्या अनोळखी अॅपकडे मात्र कुठल्याही परिस्थितीत जाऊ नका. महाराष्ट्रात सावकारीला परवाना लागतो आणि विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली गुन्हा आहे. अशा सावकाराची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

एक दुकानदार कार्ड घासून रोख देतो, दोन-अडीच टक्के घेतो. त्यातून दुसऱ्या कार्डाचं बिल भरलं तर?

याला ‘कार्ड रोटेट करणं’ म्हणतात. वस्तू न घेता वस्तू घेतल्याचं बिल फाडलं जातं. बँकेच्या लक्षात आलं तर कार्ड बंद होऊ शकतं. समजा नाही आलं, तरी प्रत्येक फेरीला अडीच टक्के कापून जातात आणि मुद्दल तसंच राहतं. वर्षाला अशा बारा फेऱ्या धरा, तीस टक्के कमिशनमध्येच गेले. शिवाय एक तारीख चुकली की दोन्ही कार्डं एकदम थकतात. यात असाल तर आजची फेरी शेवटची समजा आणि बँकेकडे हप्ते मागा.

घरी सांगू का?

सांगा. माझ्या मते या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर हे आहे.

लपवलेल्या कर्जाला व्याजाबरोबर लपवण्याचाही खर्च येतो. घरच्यांना शंका नको म्हणून गणपतीत नेहमीएवढीच खरेदी होते, भाचीच्या बारशाला तेवढाच आहेर जातो, सहलीची वर्गणी नाही म्हणता येत नाही, आणि हे सगळं कार्डावर चढतं. मी सात महिने बायकोपासून लपवलं. त्या सात महिन्यांत थकबाकी जितकी वाढली तितकी आधीच्या दोन वर्षांत वाढली नव्हती. सांगितलं त्या रात्री ती खूप वेळ काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने वही काढली आणि म्हणाली, ‘सगळी बिलं आण.’

सांगताना अर्धवट सांगू नका. सगळ्या कार्डांची आजची एकूण रक्कम, प्रत्येकाचा दर, महिन्याला किती निघू शकतात, हे एका कागदावर लिहून तो कागद समोर ठेवा. ‘थोडं कर्ज झालंय’ असं म्हणून दीड महिन्याने दुसरा आकडा बाहेर काढलात, तर विश्वास परत मिळवणं कर्ज फेडण्यापेक्षा अवघड जातं. आईवडिलांच्या किंवा जोडीदाराच्या नावावर तुमच्याच खात्याचं जोडकार्ड असेल, तर त्याच्या खर्चाची जबाबदारीही तुमचीच आहे. त्यांनाही वापर थांबवायला सांगा.

मोठी खरेदी करतच नाही. मग पैसे जातात कुठे?

मागच्या दोन महिन्यांचं बँकेचं आणि कार्डाचं स्टेटमेंट छापून घ्या, पेन घेऊन बसा आणि प्रत्येक ओळीपुढे एकच खूण करा: ठरवून केलेला खर्च की सहज झालेला. बेरीज नंतर. बहुतेकांना घरभाडं आणि शाळेची फी तोंडपाठ असते, पण दहा मिनिटांत घरपोच येणाऱ्या सामानावर महिन्याला किती गेले हे माहीत नसतं. कोथिंबिरीची जुडी मागवायची, मोफत पोचवण्यासाठी अजून दीडशेचं काही टाकायचं, असं आठवड्यातून चारदा.

मला उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगतो. यूपीआयसाठी वेगळं बचत खातं ठेवलं. दर रविवारी त्यात आठवड्याचे ठरलेले पैसे टाकायचे, संपले की संपले. पगाराच्या खात्याला यूपीआय जोडलेलंच नाही. महिन्याच्या किराण्याची यादी पुन्हा कागदावर करायला लागलो आणि सामान एकदाच आणतो. आमच्या आईची हीच पद्धत होती, मधेच काही आणायचं झालं तर ती आधी डबे उघडून बघायची.

दुसरं, वर्षातून एकदा येणारे खर्च ‘अचानक’ येत नाहीत. जूनमधली शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं, गाडीचा विमा, गणपती, दिवाळी, लग्नसराईतले आहेर, गावी जाणं. यांची बेरीज करा, बाराने भागा आणि तेवढी रक्कम महिन्याच्या महिन्याला आवर्ती ठेवीत टाका. कार्डावरची बरीच थकबाकी जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जन्माला येते. भिशी असेल तर तिचा नंबर याच महिन्यांसाठी मागा.

तिसरं, आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांची यादी बँकेच्या अॅपमध्ये बघा. अशा कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना यावी असा नियम आहे, पण ते मेसेज आपण वाचत नाही. बघत नसलेल्या वाहिन्या, जात नसलेली जिम, भरलेलं क्लाउड. रद्द करा.

रिवॉर्ड पॉइंट वाया जातील ना?

जाऊ द्या. शंभर रुपयांवर एखाद-दोन रुपये परत मिळवायचे आणि थकबाकीवर महिन्याला साडेतीन द्यायचे, यात फायदा बँकेचाच.

वसुलीवाले ऑफिसात आणि नातेवाइकांना फोन करतात. काय करू?

पैसे देणं लागतो म्हणून अपमान सोसायलाच हवा, असं नाही. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत बदनामी, घरच्यांना किंवा मित्रांना त्रास देणं, हे रिझर्व्ह बँकेने स्पष्टपणे मना केलंय. घरी येणाऱ्याकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. फोनची तारीख-वेळ लिहून ठेवा आणि बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. त्याला पैसे लागत नाहीत, चौकशीचा क्रमांक १४४४८.

पण बँकेशी बोलणं बंद करू नका. क्रमांक ब्लॉक करून बसलात तर हप्त्यांची किंवा सवलतीची वाटही बंद होते. नोकरी गेली असेल, आजारपण असेल, तर कागद जोडून लेखी कळवा.

पोलीस पकडतील का?

निव्वळ कार्डाचे पैसे थकले म्हणून नाही. तो दिवाणी मामला आहे, बँक वसुलीचा दावा लावू शकते. मात्र तडजोडीपोटी चेक दिलात आणि तो वटला नाही तर कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची फौजदारी केस होऊ शकते, बँक खात्यातून हप्ता वळता करायची मंजुरी देऊन तो परत गेला तरीही तसंच. म्हणून खात्यात पैसे असल्याशिवाय चेक देऊ नका. लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरून घरी बसू नका, जा. तिथे तडजोड बऱ्याचदा चांगली होते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. महिलांना तर उत्पन्नाची अट न लावता मिळतो.

‘अर्धे भरा, मिटवून टाकू’ म्हणतात. सेटलमेंट करू का?

पूर्ण भरणं शक्यच नसेल तरच. अशा खात्यापुढे क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढे घरकर्जाच्या वेळी तो नडतो. करायचंच झालं तर बँकेच्या लेटरहेडवर रक्कम आणि तारीख लिहिलेलं पत्र आधी हातात घ्या, पैसे फक्त कार्डाच्या खात्यात भरा. वसुली एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही पाठवू नका.

शेवटचा हप्ता भरला. आता काय?

आधी पुढचं बिल येऊ द्या. शेवटच्या दिवसांचं थोडं व्याज त्यात निघतं, ते भरल्याशिवाय खातं शून्य होत नाही. मग बँकेकडून थकबाकी नसल्याचा दाखला मागा. महिन्याभराने क्रेडिट अहवाल काढा. चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. खातं अजून थकीत दिसत असेल तर दाखला जोडून तिथेच दुरुस्ती मागा. स्कोअर एका रात्रीत चढत नाही, काही महिने वेळेवर गेले की हळूहळू वर येतो. पैसे घेऊन स्कोअर वाढवून देतो म्हणणाऱ्यांना दाराबाहेरच ठेवा.

आणि ज्या तारखेला कार्डाचा हप्ता जायचा, त्याच तारखेला तेवढीच रक्कम आवर्ती ठेवीत जाईल असं लगेच त्या आठवड्यात लावून टाका. त्या पैशांशिवाय घर चालवायची सवय झालेलीच आहे. आमच्याकडे त्यातून पहिल्या वर्षी जूनची फी रोख भरली.